सत्यशोधकांचे गांधी-स्मारक

महात्मा गांधींच्या स्मारकांची यादी करावयास कोणी बसला, तर त्या यादीतून सातारा-सांगलीकडील सर्वांत मोठे गांधी-स्मारक सुटून जाण्याचाच संभव अधिक. कारण ते एका जागी उभे नाही, त्याला चबुतरा नाही, त्याच्या उद्घाटनाची एक अशी तारीख सांगता येत नाही, आणि त्याच्या पुष्कळशा भागांवर गांधीजींचे नावही लिहिलेले नाही. 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीस गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी महात्माजींच्या स्मरणार्थ खेड्यापाड्यांतून 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. ज्या रयत शिक्षण संस्थेच्या वतीने हा संकल्प सोडला गेला तिच्यापाशी एवढ्या शाळांना पुरेल असे द्रव्य नव्हते, इमारती नव्हत्या आणि शिक्षकही नव्हते. असे असूनही 9 मे 1959 रोजी भाऊराव निवर्तले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभराचा आकडा ओलांडून गेलेली होती.

हे स्मारक उभारणारे लोक कोण होते हे पाहिल्यावाचून त्याचे वैशिष्ट्य ध्यानात यावयाचे नाही. रयत शिक्षण संस्थेचा जन्म 4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेत झाला. सत्यशोधक समाज हा जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यास स्थापन केलेला एक भ्रातृसंघच होता: निर्मिकाची सर्व लेकरे परस्परांची भावंडे, त्यांच्यामध्ये दलालाची गरज नाही, ही त्याची मूळ धारणा, सभासद होताना शपथ घ्यावयाची, लग्नकार्ये भटभिक्षुकावाचून आपसांत उरकावयाची, आणि आपल्या मुलामुलींस शिकवावयाचे, हा त्याचा आचार. फुल्यांचे मूळ गाव कटगुण हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव हे त्याच जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात. तेव्हा पुण्यात लावलेले हे रोप साताऱ्याच्या मातीत जोमाने वाढले यात नवल मानावयाचे कारण नाही. शाहू छत्रपतींच्या आश्रयाने 1911 च्या सुमारास कोल्हापुरात समाजाचे पुनरुज्जीवन झाले, आणि कृष्णाकाठच्या गावोगावी त्याचे जलसे रंगू लागले.

भ्रातृसंघाने राष्ट्रपुरुषाचे स्मारक उभारावे ही कल्पना जगात काही अपूर्व नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया नगरातल्या एका टेकडीवर फ्रीमेसन बंधूंनी आपल्या पंथाचा बंधू आणि देशाचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचे 333 फूट उंचीचे भव्य स्मारक बांधले आहे. 1923 मध्ये त्याची कोनशिला बसली, 1932 मध्ये त्याचे समर्पण झाले, आणि प्राचीन अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभावरून त्याचा आकार घेतलेला आहे. वॉशिंग्टन त्या गावच्या लॉजचा मुख्य होता, त्यामुळे बंधूंचा त्याच्यावरील हक्क उघड होता. साताऱ्याकडची गोष्ट मात्र याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला ती अधिक रसाळ वाटते. गांधीजी सत्यशोधक नव्हते. किंबहुना ब्राह्मणेतर चळवळीतील अनेकांचा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत काँग्रेसवर विश्वास नव्हता, आणि ती काँग्रेस तर गांधीजींच्या नेतृत्वाखाली चाललेली. जो आपल्या घरचा नव्हे अशा पुरुषाचे स्मारक या बंधुसमाजातून निघालेल्या संस्थेने का करावे, याचे उत्तर भाऊरावांच्या चरित्रात शोधावे लागते.

भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे झाला. घराणे जैन, आणि मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. 1908 मध्ये तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव जाऊन आले, आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे असा हुकूम झाला असता त्यांनी तो साफ धुडकावला. परिणामी बोर्डिंग सुटले आणि शाहू महाराजांच्या वाड्याचा आसरा मिळाला. पुढे निघालेल्या प्रत्येक वसतिगृहाच्या पाठीमागे ही एक टाळलेली आंघोळ आहे असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी होईल. त्यानंतर काही वर्षांनी, 1914 च्या सुमारास, कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्यांस डांबर फासण्याचे प्रकरण घडले. त्या खटल्यात जैन समाजाचे पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला, परंतु ते बधले नाहीत. पुतळ्यापायी एवढे सोसलेल्या माणसाने पुढे दुसऱ्या कोणाचे स्मारक करताना पुतळ्याचा विचार बाजूस ठेवला, याला योगायोग म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

सांगली भागातील दुधगाव येथे सहकाऱ्यांच्या साह्याने विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय लावून त्यांनी या कार्याचा पहिला प्रयोग केला. पोटापाण्यासाठी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले, आणि या भटकंतीत शेतकऱ्याच्या पोराला शाळा का लाभत नाही याचा त्यांना पक्का उलगडा झाला. शाळा असलीच तर ती तालुक्याच्या गावी. तेथे राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे काय? म्हणून वसतिगृह आधी आणि शाळा मागाहून, हा त्यांच्या कार्याचा क्रम ठरला.

1924 मध्ये संस्थेचे ठाणे काल्याहून साताऱ्यास आले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशी मुले एका पंक्तीला बसत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत, पाणी भरीत आणि भांडी घाशीत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. साबरमतीस आपणांला जे साधले नाही ते येथे साधले आहे, अशा आशयाचे उद्गार त्या वेळी त्यांनी काढल्याचे सांगितले जाते. पुढे हरिजनकार्याच्या निधीतून वार्षिक 500 रुपयांची मदतही त्यांनी वसतिगृहास मिळवून दिली. एका राष्ट्रनेत्याने दुसऱ्या लोकनेत्याचे नाव एका पंक्तीला द्यावे, दगडाला किंवा धातूला देऊ नये, ही या कथेतील मर्माची घटना होय. शाहू छत्रपती 1922 च्या मे महिन्यात वारले होते; अर्थात साताऱ्याच्या या वसतिगृहातील प्रत्येक जेवण हे त्यांच्या स्मरणाचे जेवण ठरले.

याच सुमारास पुण्यात काय चालले होते ते पाहिले म्हणजे साताऱ्याची निवड ठळक होते. 1925 मध्ये पुणे नगरपालिकेत केशवराव जेधे यांनी महात्मा फुल्यांचा पुतळा उभारण्याची सूचना मांडली. तिला कडाडून विरोध झाला, त्या वादाच्या तापातून दिनकरराव जवळकरांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका निघाली, तिच्यापायी फौजदारी खटला उभा राहिला, आणि अपिलात बॅरिस्टर आंबेडकरांनी आरोपींची बाजू मांडून त्यांस सोडविले. मी जेध्यांच्या मागणीला दोष देत नाही. ज्यांना भर चौकात कधी जागा मिळाली नाही त्यांनी चौकातल्या जागेसाठी भांडणे हे न्यायाचेच आहे. परंतु चौकातील पुतळ्याला नगरपालिकेची मंजुरी लागते, आणि शाळेच्या ओसरीला ती लागत नाही, हा व्यवहार भाऊरावांच्या ध्यानात आधीच आलेला दिसतो.

नाव देण्याची ही पद्धत मग संस्थेच्या अंगवळणी पडली, आणि कोणते नाव कोणत्या कामाला शोभते याचा विचार त्यात स्पष्ट आढळतो. 1932 मध्ये येरवड्यास गांधी आणि आंबेडकर यांच्यामध्ये करार झाला, तेव्हा त्या ऐक्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले; व्यक्तीऐवजी एका कराराचे स्मारक, आणि तेही दोन्ही पक्षांची मुले एकत्र राहतील अशा घराच्या रूपाने. 1935 मध्ये खेड्यातील शाळांसाठी शिक्षक तयार करणारे विद्यालय साताऱ्यास निघाले, त्याला पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवावरून सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज असे नाव मिळाले. हे वाचून आजचा वाचक भुवया उंचावील. परंतु सरकारदरबारी काम करून घेताना कोणत्या नावाचा उपयोग होतो हे ज्याला कळते तो माणूस भाबडा नसतो, आणि त्याच विद्यालयाला पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळून तो हिशेब चुकता झाला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड 1939 मध्ये वारले. 1940 मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, आणि तेथे श्रमाच्या मोबदल्यात मोफत शिकावयाची सोय झाली. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र तेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस लागू झाले. संस्थेच्या एका शाखेचे नाव बदलण्याच्या अटीवर कोणी धनिक मोठी देणगी देऊ लागला असता, एक वेळ बापाचे नाव बदलीन पण हे बदलणार नाही, अशा अर्थाचा जबाब भाऊरावांनी दिल्याची आठवण साताऱ्याकडे अजून सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिला इतकी वर्षे लोकांनी जपले यावरून नावाला तेथे काय मोल होते ते समजते.

या पार्श्वभूमीवर 1948 च्या संकल्पाकडे पाहिले पाहिजे. गांधीहत्येनंतर सातारा, सांगली आणि कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे, दुकाने व कारखाने यांची जाळपोळ झाली. मारेकरी ज्या जातीचा त्या जातीतील निरपराध माणसांवर सूड घेण्यात आला, आणि हे सर्व महात्माजींच्या नावाने झाले. ज्या प्रदेशात सत्यशोधकांनी बंधुत्वाचा उपदेश केला त्याच प्रदेशात हे घडावे, ही गोष्ट लपविण्यासारखी नाही आणि सौम्य शब्दांत सांगण्यासारखीही नाही. त्या जळत्या दिवसांत आणि त्यांच्या पाठोपाठ गांधीजींच्या स्मरणाचे दोन मार्ग या भागापुढे होते, आणि त्यांपैकी दुसरा मार्ग आखून देणारा पुरुष याच चळवळीतून आला, एवढे तरी नमूद करणे प्राप्त आहे. 101 हा आकडा काही हिशेबाने काढलेला नसावा. आपल्याकडे आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालण्याची जी रीत आहे तिच्याशीच त्याचे नाते दिसते.

संकल्पाच्या पाठोपाठ संकट आले. मुंबई राज्याच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाशी भाऊरावांचे मतभेद झाले, आणि संस्थेचे सरकारी अनुदान बंद पडले. शाळांचा पसारा वाढत असता अनुदान थांबणे म्हणजे शेकडो शिक्षकांच्या चुलींवर घाला येणे होय. या प्रसंगी गाडगे महाराज मध्ये पडले. त्यांनी खेरांजवळ शब्द टाकला, आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. 1954 मध्ये कराडला संस्थेने महाविद्यालय काढले, तेव्हा त्याला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज असे नाव दिले. महाराज त्या वेळी हयात होते, आणि स्वतः निरक्षर. आपले देऊळ किंवा पुतळा उभारू नये असे सांगणाऱ्या या संन्याशाचे नाव महाविद्यालयाला देण्यात जो सूक्ष्म खोडकरपणा आहे, तो भाऊरावांना जाणवला नसेल असे मला वाटत नाही. त्याच क्रमात पुढच्या वर्षी साताऱ्यास आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. देशाचे शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांचे ते नाव.

आता या स्मारकाचा खर्च कोठून आला हे सांगावयास हवे, कारण खरा इतिहास जमाखर्चाच्या वहीतच असतो. गावात हायस्कूल मागावयाचे तर गावाने जागा द्यावयाची, खोल्या उभ्या करण्यासाठी वर्गणी आणि अंगमेहनत पुरवावयाची, आणि संस्थेने शिक्षक व व्यवस्था पाहावयाची, असा साधारण रिवाज होता. वसतिगृहांसाठी मुष्टिफंड असे. दररोज दळणकांडण करताना घरच्या बाईने एक मूठ धान्य बाजूला टाकावयाचे, आणि ते साठले की मुलांनी गोळा करून न्यावयाचे. ज्वारीच्या त्या मुठीची नोंद कोणत्याही संगमरवरी फरशीवर सापडत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मोडले. 1930 मध्ये त्या वारल्या, आणि रयतमाउली हे नाव त्यांना चिकटले ते याच कारणाने. संस्थेला तुटपुंज्या वेतनावर आयुष्य वाहून घेणारे आजीव सेवक मिळाले, त्यांतील पुष्कळजण याच वसतिगृहांत वाढलेले होते, बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांतलेच, जे इंग्लंडात शिकून परत संस्थेकडे आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. माध्यमिक शाळांच्या आधी संस्थेने जिल्ह्याच्या लहान गावांतून 578 व्हॉलंटरी प्राथमिक शाळा चालविल्या होत्या, त्यांतून वर आलेल्या मुलांना पुढे कोठे पाठवावयाचे हा प्रश्न उभा होताच. 101 हायस्कुलांच्या संकल्पात गांधीभक्तीइतकीच या प्रश्नाची निकडही होती असे मानावयास जागा आहे.

गांधीजींच्या नावे देशभर निधी जमला, गांधी स्मारक निधी ही अखिल भारतीय संस्था स्थापन झाली, राजघाटावर समाधी झाली. त्या सर्वांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु बांधून पुरे झालेल्या स्मारकाला पुढे फक्त झाडलोट आणि जयंतीचा हार लागतो, तर शाळारूपी स्मारकाला दर जूनमध्ये नव्याने मुले लागतात, फळ्याला काळा रंग लागतो, आणि दरमहा पगार लागतो. तो एक महिना चुकला तरी स्मारक ढासळू लागते. वॉशिंग्टनच्या स्मारकाला निवांतपणा आहे. या स्मारकाला तो कधीच लाभावयाचा नाही, आणि सातारकरांनी हे ओळखूनच ते पत्करले असावे.

याचा एक तोटा मात्र कबूल केला पाहिजे. जे नाव रोज वापरात असते ते झिजते. त्या संकल्पातून निघालेल्या काही शाळांच्या पाटीवर महात्मा गांधी विद्यालय असे आहे, पुष्कळांच्या पाटीवर गावाचे वा दुसऱ्याच कोणाचे नाव आहे, आणि दप्तरात तर त्या सगळ्या केवळ ‘शाखा’ आहेत. आपली शाळा गांधीजींच्या स्मरणार्थ निघालेल्या शंभरांपैकी एक आहे हे तेथील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल याबद्दल मला शंका आहे. शिक्षकांना तरी ते ठाऊक असावे, आणि 30 जानेवारीच्या दोन मिनिटांच्या मौनानंतर त्यांनी ते मुलांना सांगावे, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

कृष्णाकाठच्या दक्षिण भागात चालत्या कामाला नाव देण्याची हीच वृत्ती वेगळ्या वळणाने दिसते. 1949 मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातील दक्षिणेकडचे तालुके तोडून व सांगलीसारखी विलीन संस्थाने जोडून दक्षिण सातारा असा जिल्हा झाला, आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. स्वातंत्र्यापूर्वी या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचे इंग्रजविरोधी प्रतिसरकार नांदले होते. पोलिसांशी बंदुकीने लढणारी ही माणसे, आणि तरीही त्यांनी गावोगावी कमी खर्चाची जी लग्ने लावली त्यांना लोक गांधीविवाह म्हणत. त्यांच्यातील जी. डी. बापू लाड यांनी स्वातंत्र्यानंतर कुंडलला शिक्षणसंस्था उभी केली तिचे नाव गांधी एज्युकेशन सोसायटी. प्रतिसरकारच्या तुफान सेनेतील नेत्याने अहिंसेच्या उपासकाचे नाव निवडावे यात विसंगती पाहणारे पाहोत. त्या मातीत वाढलेल्या माणसाला ती फारशी जाणवत नाही. वाळव्यास नागनाथअण्णा नायकवडी यांनी 1946 साली पोलिसांच्या गोळीस बळी पडलेल्या आपल्या सोबत्याचे स्मारक सहकारी साखर कारखान्याच्या रूपाने केले, आणि हुतात्मा किसन अहिर हे नाव आता गळिताच्या प्रत्येक हंगामात ऊसबिलाच्या कागदावर सभासदाच्या घरी येते. सांगली शहरात लोकमान्यांच्या नावाचे टिळक स्मारक मंदिर आहे, तेही व्याख्यानांसाठी. म्हणजे तेथेसुद्धा स्मरण बसून ऐकावयाचेच ठरले.

एका जिल्ह्याचे दोन झाले तरी रयत संस्थेचा कारभार तुटला नाही. साताऱ्यास मुख्य कचेरी राहिली, दक्षिण विभागाचे कार्यालय सांगलीत आले, इस्लामपुरास कर्मवीरांच्याच नावाचे महाविद्यालय निघाले, आणि संस्थेच्या शाखांची संख्या आज सातशेच्या वर आहे. 22 सप्टेंबरला साताऱ्यात भाऊरावांच्या समाधीवर फुले वाहिली जातात आणि गावोगावच्या शाखांतून मुलांच्या मिरवणुका निघतात. मिरवणूक पांगली की त्याच दिवशी काही ठिकाणी कर्मवीर जयंतीच्या निधीची पावतीपुस्तके बाहेर निघतात, आणि जिने एकेकाळी ज्वारीची मूठ टाकली तिची नात दहाची नोट देऊन पावती घेते.